स्कायरिममध्ये पोशन बनवायला शिकताना: पहिल्या बाटलीपासून विषापर्यंत

स्कायरिम हा व्हिडिओ गेम नव्याने सुरू करणारे बहुतेक जण तलवार, धनुष्य आणि जादू यांत रमतात आणि अल्केमीकडे, म्हणजे वस्तू मिसळून पोशन (औषधं) आणि विषं बनवण्याच्या कलेकडे, पाठ फिरवतात. कारणही समजण्यासारखं आहे. अल्केमी लॅबच्या टेबलासमोर उभं राहिलं की फुलं, किड्यांचे पंख, अळंबी, हाडं यांची लांबलचक यादी उघडते. कुठल्याही वस्तूवर गेलं तरी तिच्या गुणांच्या जागी नुसतं ‘अननोन’ लिहिलेलं असतं. दोन वस्तू उचलून एकत्र कराव्यात तर मिश्रण फसतं आणि वस्तूही जातात. असं तीन-चार वेळा झालं की खेळाडू पुन्हा त्या टेबलाकडे फिरकत नाही. पुढचा सगळा गेम मग दुकानातून महागडी पोशन विकत घेण्यात जातो.

अल्केमी अवघड नाही, पण ती अंदाजाने होत नाही. आधी घटकाची ओळख, मग त्याचा जोडीदार आणि सगळ्यात शेवटी तिसरा घटक, हा क्रम धरला तर गेमच्या अगदी सुरुवातीपासून औषधं आणि पैसा या दोन्हींची चिंता मिटते. स्कायरिम २०११ साली आला, त्यानंतर त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या, पण अल्केमीचा गाभा बदललेला नाही. त्यामुळे तुमच्याकडे कुठलीही आवृत्ती असली तरी इथे सांगितलेलं लागू पडेल.

मूळ नियम

प्रत्येक घटकाला चार गुण असतात. सुरुवातीला चारही झाकलेले असतात. टेबलावर एका वेळी दोन किंवा तीन घटक घेता येतात आणि त्यांतल्या किमान दोन घटकांत एक तरी गुण सामाईक असावा लागतो. सामाईक गुण तेवढे बाटलीत उतरतात, बाकीचे गळून जातात. सामाईक काहीच नसेल तर मिश्रण फसतं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तिसरा घटक हा पहिल्या दोघांचाच गुण पुन्हा घेऊन आला, तर सहसा काहीच वाढत नाही. ‘रिस्टोअर हेल्थ’ (घटलेली हेल्थ भरून काढणं) हा गुण असलेल्या तीन वस्तू एकत्र केल्या म्हणून तिप्पट ताकदीचं औषध होत नाही, एक वस्तू फुकट जाते. तिसरा घटक घालायचा तो नवा गुण आणण्यासाठी. नवखे खेळाडू सर्वांत जास्त माल इथे वाया घालवतात.

बाटलीला नाव मिळतं ते तिच्यातल्या सर्वांत किमती गुणाचं. तो गुण अपायकारक असेल तर बाटली विष म्हणून बनते. म्हणून कधीकधी औषध बनवायला जाऊन हाती विष येतं. त्यात गेमची काही चूक नसते, अपायकारक गुणाचं मोल त्या मिश्रणात जास्त भरलेलं असतं.

हेल्गेनहून निघताना

गेमच्या सुरुवातीला हेल्गेन गावातून सुटका झाली की हाडवार किंवा रालॉफ या सोबत्याबरोबर रिव्हरवुड गावाकडे उतरताना वाटेत तीन उभे दगड लागतात. वॉरियर, मेज आणि थीफ. अल्केमी जादूसारखी वाटते म्हणून बरेच जण मेज स्टोनला हात लावतात, पण या गेममध्ये अल्केमी चोरांच्या स्किलमध्ये मोडते. थीफ स्टोन घेतला तर अल्केमी २० टक्के वेगाने शिकली जाते. दगड पुढे केव्हाही बदलता येतो, त्यामुळे लढताना वॉरियर हवा असेल तर जरूर ठेवा. फक्त मोठ्या प्रमाणावर पोशन बनवायला बसण्याआधी एकदा इथे येऊन जा.

त्याच उतारावरून जाताना रस्ता सोडून जरा आजूबाजूला बघा. निळी, लाल आणि जांभळी डोंगरी फुलं दिसतील. ही तिन्ही तुमची पहिली शाळा. ब्लू माउंटन फ्लॉवरचा पहिला गुण रिस्टोअर हेल्थ, रेडचा रिस्टोअर मॅजिका (जादूची शक्ती) आणि पर्पलचा रिस्टोअर स्टॅमिना (दम). यात एक गंमत लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळ उडतो: पडद्यावर हेल्थची पट्टी लाल असते आणि मॅजिकाची निळी, फुलांचं मात्र नेमकं उलट आहे. जीव वाचवायचा तर निळं फूल.

फुलांचं वजन अवघं ०.१ असतं, तेव्हा दिसेल ते तोडून घ्या. फुलपाखरंही हाताने पकडता येतात. निळ्या फुलपाखराचे पंख पुढे पैसा मिळवून देतात, त्यामुळे ते दिसलं की त्याच्यामागे पळण्यात कमीपणा मानू नका. तोडलेली झाडं गेममधल्या काही दिवसांनी पुन्हा उगवतात, म्हणून एकाच वाटेवरून पुन्हा गेलात तरी हात रिकामे राहत नाहीत.

पहिली बाटली

रिव्हरवुडमध्ये न रेंगाळता व्हाइटरन गाठा. शहराच्या तटबंदीबाहेर शेतं आहेत, तिथे गहू काढून घ्या. शहरात शिरलात की बाजारपेठेत ‘आर्केडियाज कॉल्ड्रन’ हे दुकान आहे आणि दुकानाच्या आतच अल्केमी लॅब आहे. ती वापरायला पैसे लागत नाहीत, कोणाची परवानगीही लागत नाही. वर ड्रॅगन्सरीच या राजवाड्यात दरबारी जादूगार फारेंगारच्या खोलीतही एक लॅब आहे, पण दुकानातली सोयीची, कारण बनवलेलं तिथल्या तिथे विकता येतं.

टेबलाजवळ जाण्याआधी इन्व्हेंट्री उघडा आणि एक निळं फूल खा. नंतर एक गहू खा. दोन्हींचा पहिला गुण उघडेल आणि दोन्हीकडे तोच दिसेल: रिस्टोअर हेल्थ. जोडी सापडली. आता टेबलावर या दोन वस्तू निवडा आणि मिश्रण बनवा. रिस्टोअर हेल्थची बाटली तर येईलच, पण त्याबरोबर फोर्टिफाय हेल्थ हा दुसरा गुणही उघडलेला दिसेल, कारण तोही दोघांत सामाईक आहे. म्हणजे जखम भरणारं आणि वर काही काळ हेल्थ वाढवणारं औषध, तेही रस्त्यावरच्या फुलापासून आणि शेतातल्या गव्हापासून. त्यात एकही अपायकारक गुण नाही. माझ्या मते सुरुवातीच्या खेळाडूसाठी यापेक्षा चांगली जोडी गेममध्ये नाही. पहिल्या दहा लेव्हलपर्यंत फूल आणि गहू यांची रास कायम जवळ असू द्या.

प्रत्यक्षात काय घडलं ते नीट पाहा. चाखून एक गुण कळला, त्या गुणावरून जोडीदार मिळाला आणि जोडीने दुसरा गुण उघडून दिला. आता निळ्या फुलाचे दोन गुण तुम्हाला माहीत आहेत. पुढच्या वेळी कुठल्याही नव्या वस्तूत फोर्टिफाय हेल्थ दिसला की ती निळ्या फुलाशी जुळणार हे तुम्हाला बनवण्याआधीच कळेल. पूर्ण अल्केमी याच साखळीने शिकता येते.

चाखणं आणि जोड्या लावणं

नवी वस्तू हाती आली की पहिला नग खायचा, ही सवय अंगी बाणवा. वाईट गुण निघाला तरी घाबरू नका, चाखल्याने होणारा त्रास अगदी किरकोळ असतो. अपवाद एकच: डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या संघटनेच्या कथेत मिळणारं जॅरिन रूट. मूळ गेममध्ये ते एकच मिळतं आणि चाखलं तर सुरुवातीच्या पात्राचा जीव जाऊ शकतो. त्याला हात लावू नका.

चाखल्याने फक्त पहिला गुण कळतो. उरलेले तीन मिश्रणातूनच काढावे लागतात. इथे अंदाज थोडा चालतो, पण स्वस्त वस्तूंवर. मुबलक असलेली फुलं, पंख, अळंबी घ्या आणि त्यांच्या जोड्या लावून बघा. एकदा फसलेली जोडी पुढच्या वेळी यादीत मंद झालेली दिसते, त्यामुळे तोच माल दुसऱ्यांदा वाया जात नाही. दुर्मीळ वस्तू मात्र कधीही आंधळेपणाने घालू नका.

तीन घटकांचा एक चांगला उपयोग शिकतानाच होतो. पहिल्याचा दुसऱ्याशी एक गुण जुळतो आणि तिसऱ्याशी वेगळा जुळतो असं असेल, तर दोन बाटल्यांचं काम एका बाटलीत होतं आणि दोन्ही गुण एकदमच उघडतात. सुरुवातीला करून बघण्यासारख्या काही जोड्या अशा:

ब्लू माउंटन फ्लॉवर आणि ब्लू बटरफ्लाय विंग. फोर्टिफाय कंज्युरेशन (प्राणी-भुतं बोलावण्याची जादू वाढवणारं) मिळतं. विकायला चांगलं.

रेड माउंटन फ्लॉवर आणि मोरा टॅपिनेला. मॅजिका भरून काढायला. जादूगार खेळत असाल तर ही जोडी पाठच करा.

लसूण आणि मिठाची ढेप. मॅजिका पटापट भरू लागते. दोन्ही वस्तू घराघरांत आणि दुकानांत सापडतात.

स्नोबेरी आणि ब्लू बटरफ्लाय विंग. फोर्टिफाय एन्चांटिंग. पुढे शस्त्रांवर जादू चढवायची असेल तेव्हा एन्चांटिंगच्या टेबलाला हात लावण्याआधी हे प्यायचं.

ब्लिस्टरवॉर्ट आणि ग्लोइंग मशरूम. फोर्टिफाय स्मिदिंग. दोन्ही अळंबी गुहांत मिळतात. तलवारीला धार लावण्याच्या क्षणभर आधी प्या, कारण याचा अंमल फार वेळ टिकत नाही.

स्किल कशाने वाढतं

हे कळलं की अल्केमीकडे बघण्याची दृष्टीच बदलते. अल्केमीत किती बाटल्या बनवल्या याला फारसं महत्त्व नाही. बनवलेल्या बाटलीची किंमत जितकी जास्त, तितकं स्किल अधिक वाढतं. एका महाग बाटलीने जे होतं ते स्वस्त बाटल्यांच्या ढिगाने होत नाही. म्हणून औषधं प्यायला बनवायची ती वेगळी आणि शिकायला व विकायला बनवायची ती वेगळी, हा फरक सुरुवातीपासून करा.

विकण्याच्या बाटल्यांचा राजा म्हणजे जायंट्स टो, राक्षसाच्या पायाचा अंगठा. त्याच्यातलं फोर्टिफाय हेल्थ इतर घटकांपेक्षा खूप जास्त वेळ टिकतं, त्यामुळे बाटलीची किंमत कित्येक पटींनी चढते. गहू, जायंट्स टो आणि क्रीप क्लस्टर हे मिश्रण करून बघा. फोर्टिफाय हेल्थ, फोर्टिफाय कॅरी वेट (जास्त वजन वाहण्याची ताकद) आणि बरोबर एक अपायकारक गुण, डॅमेज स्टॅमिना रिजन (स्टॅमिना भरण्याचा वेग घटवणारा). लढाईत प्यायला ते फार चांगलं नाही, पण दुकानदाराला त्याने फरक पडत नाही, तो सगळ्या गुणांचे पैसे मोजतो. क्रीप क्लस्टर विंडहेल्मच्या दक्षिणेला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या पठारावर भरपूर उगवतं. ते हाताशी नसेल तर निळं फूल, निळ्या फुलपाखराचा पंख आणि जायंट्स टो घ्या. चार गुणांची बाटली होते.

आता प्रश्न अंगठा आणायचा कुठून. व्हाइटरनच्या आसपास राक्षसांचे तळ दिसतील आणि मोह होईल. सुरुवातीच्या पात्राला राक्षसाच्या सोट्याचा एक फटका पुरतो, तेव्हा समोरासमोर जाऊ नका. उंच खडकावर, जिथे तो चढू शकत नाही तिथे उभं राहून बाण मारा, नाहीतर आर्केडियाकडे अधूनमधून विकायला येतो तो घ्या. सापडलेला प्रत्येक अंगठा जपून ठेवा, कारण पुढे पर्क (स्किलला जोडून घेता येणारी खास क्षमता) घेतल्यानंतर त्याच अंगठ्यातून अधिक किमतीची बाटली निघते.

औषधविक्रेत्याकडची रोकड मर्यादित असते आणि ती गेममधल्या ४८ तासांनी पुन्हा भरते. म्हणून एकाच दुकानात सगळं ओतू नका. व्हाइटरन, रिफ्टन, मार्कार्थ, विंडहेल्म अशी फिरती विक्री ठेवा. पैसे संपलेल्या दुकानदाराकडून तेवढ्या किमतीचे घटक उचलणं हाही चांगला सौदा. आर्केडिया अल्केमी शिकवतेही. एका लेव्हलमध्ये पाच वेळा शिकवणी घेता येते आणि तिची फी तिलाच बाटल्या विकून सहज उभी राहते.

मोठ्या बैठकीआधी भाड्याच्या किंवा स्वतःच्या खाटेवर झोपून उठा. ‘वेल रेस्टेड’ असताना स्किल १० टक्के वेगाने वाढतात आणि हा लाभ गेममधले आठ तास टिकतो.

इथे एक सावधगिरी. अल्केमीचं स्किल वाढलं की पात्राची लेव्हलही वाढते आणि लेव्हलबरोबर शत्रू तगडे होतात. एका बैठकीत अल्केमी ६०-७० वर नेली आणि तलवार अजून १५ च्या आसपास असेल, तर बाहेर पडल्यावर साधे लुटारूही जड जातील. हातातलं शस्त्र आणि अल्केमी यांना बरोबरीने वाढू द्या.

पर्क कुठे खर्च करायचे

अल्केमिस्ट या पहिल्या पर्कच्या पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी पोशनची ताकद २० टक्क्यांनी वाढवते. पहिली पायरी लगेच घ्या, बाकीच्या स्किल २०, ४०, ६०, ८० झालं की उघडतात. २० वर फिजिशियन घ्या, त्याने हेल्थ, मॅजिका आणि स्टॅमिना भरणारी औषधं २५ टक्के जोरकस होतात. ३० वर वाट दोन दिशांना फुटते: उपकारक पोशनसाठी बेनिफॅक्टर, विषांसाठी पॉयझनर. धनुष्य किंवा खंजीर वापरत असाल तर पॉयझनर आधी.

एक्सपेरिमेंटर या पर्कने वस्तू चाखल्यावर एकापेक्षा जास्त गुण कळतात. ऐकायला आकर्षक आहे, पण मी तो घेऊ नका म्हणेन. त्याच्या पहिल्या पायरीलाच स्किल ५० लागतं आणि तोवर जोड्या लावून बरेचसे गुण तुम्ही स्वतःच शोधलेले असतात. तो पर्क पॉइंट ७० ला मिळणाऱ्या ग्रीन थंबसाठी राखून ठेवा. ग्रीन थंब घेतला की झाडावरून एकाऐवजी दोन घटक मिळतात.

विष

विष शस्त्राला लावायचं असतं आणि एका डोसाला एक वार, किंवा धनुष्य असेल तर एक बाण. काँसंट्रेटेड पॉयझन हा ६० चा पर्क घेतल्यावर ते दोन वार पुरतं. नवख्यांसाठी सर्वांत सोपं विष म्हणजे डेथबेल आणि रिव्हर बेटी. डेथबेल मॉर्थलच्या दलदलीत जागोजागी मिळते, रिव्हर बेटी हा मासा पाण्यात हाताने धरता येतो. या जोडीने शत्रूची हेल्थ घटते आणि तो मंदही होतो. अंगावर धावून येणाऱ्या लुटारूला हे लावलेला एक बाण बसला की दुसरा-तिसरा बाण लावायला निवांत वेळ मिळतो.

याहून प्रभावी हवं असेल तर इम्प स्टूल आणि कॅनिस रूट. शत्रू लुळा पडून जमिनीवर कोसळतो. चार क्षण का होईना, मोठ्या लढाईत ते पुरतात. हे विष मुख्य शत्रूसाठीच राखून ठेवा.

ड्रॉगर (थडग्यांतली जिवंत प्रेतं) आणि ड्वार्व्हन यंत्रं यांच्यावर मात्र विष चालत नाही. सुरुवातीचं ब्लीक फॉल्स बॅरो हे दफनस्थळ ड्रॉगरांनी भरलेलं आहे, तेव्हा तिथे तळाशी जाताना विषं घरी ठेवा आणि जखमेची औषधं जास्त न्या. लढाई ऐन रंगात असताना इन्व्हेंट्री उघडली की वेळ थांबते, तेवढ्यात हवं ते औषध पिता येतं.

साठवण आणि राखून ठेवायच्या वस्तू

रस्त्यातल्या पिंपांत किंवा सरायच्या पेट्यांत माल ठेवू नका. त्यांतलं सामान काही काळाने बदलतं आणि तुमचा माल जातो. व्हाइटरनमधलं ब्रीझहोम ५,००० सोन्याला मिळतं, त्यात आणखी ५०० टाकले की स्वतःची अल्केमी लॅब बसते. तिथल्या पेट्या सुरक्षित आहेत. घटक एका पेटीत आणि तयार बाटल्या दुसरीत ठेवा. बाटलीचं वजन ०.५ असतं, तीस-चाळीस बाटल्या बरोबर बाळगल्या की पंधरा-वीस वजन त्यांतच जातं.

काही वस्तू हाती आल्या की लगेच वापरून टाकू नका. रिफ्टनमध्ये एल्ग्रिमच्या दुकानात शिकणारी इंगन ब्लॅक-ब्रायर २० डेथबेल, २० नाइटशेड आणि २० निर्नरूट मागते आणि त्या बदल्यात तिच्या घटकांच्या पेटीतलं सामान घ्यायची मुभा देते. त्याच शहरातल्या बालिमंड लोहाराला १० फायर सॉल्ट्स हवे असतात. नाइटशेड फॉकरीथच्या दफनभूमीजवळ सापडतं. निर्नरूट ओळखायला अगदी सोपं: पाण्याच्या काठाला उजळलेलं दिसतं आणि जवळ गेलं की किणकिण असा आवाज येतो. अंधाऱ्या नदीकाठाने जाताना आवाज कानावर आला की घोड्यावरून उतरून शोधा.

बराच पुढे, ब्लॅकरीचच्या जमिनीखालच्या प्रदेशात, त्याची लाल जात मिळते. क्रिमसन निर्नरूटची ३० मुळं गोळा करून रिफ्टनजवळच्या सारेथी फार्मवर अवरुसाला दिली की ‘सिंडेरियन्स सेरेंडिपिटी’ मिळते, म्हणजे पोशन बनवताना आणखी एक बाटली फुकट मिळण्याची २५ टक्के शक्यता. ब्लॅकरीचमध्ये पाय ठेवलात की प्रत्येक कपारीत डोकावून ती मुळं वेचा, कारण तिथे परत यायचं म्हणजे पुन्हा लांबचा प्रवास. त्यातलं एकही मूळ टेबलावर टाकू नका, ३० पूर्ण होईपर्यंत.